बी टीममध्ये नाव आलंय? नाशिकच्या नव्या फुटबॉलपटूंनी आणि पालकांनी पुढे काय करायचं

यादी रात्री नऊच्या सुमारास ग्रुपवर पडते. मुलगा वरून खाली नावं वाचत जातो. पहिल्या टीमच्या अठरा जणांत आपलं नाव नाही, खाली 'रिझर्व्ह' लिहिलेल्या भागात ते सापडतं. घरात कुणी फारसं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन येतो, "सर, बेंचवरच बसवायचं होतं तर घेतलं कशाला?"

कोच म्हणून दर हंगामात मला असे दोन-तीन फोन येतात आणि गैरसमज प्रत्येक वेळी तोच असतो. रिझर्व्ह टीम म्हणजे पहिल्या टीमचा बेंच, असं लोकांना वाटतं. बेंचवरचा मुलगा मॅच बघतो, रिझर्व्हचा मुलगा मॅच खेळतो. साधा हिशेब करा. पहिल्या टीमसोबत दहा मॅचला गेलात आणि प्रत्येक वेळी शेवटची पाच मिनिटं मिळाली, तर हंगामात पन्नास मिनिटं झाली. रिझर्व्हकडून त्याच दहा मॅचमध्ये साठ-साठ मिनिटं खेळलात, तर सहाशे. सोळाव्या-सतराव्या वर्षी खेळाडू या सहाशे मिनिटांत घडतो. हा लेख त्या मिनिटांबद्दल आहे. ती कशी मिळवायची, कशी टिकवायची आणि कागदपत्रं किंवा दुखापतीपायी ती हातची कशी जाऊ द्यायची नाहीत, एवढंच इथे सांगतो.

आधी हे समजून घ्या

क्लबच्या दुसऱ्या टीमला रिझर्व्ह म्हणतात, मैदानावर सगळे 'बी टीम' म्हणतात. तिच्यात तीन प्रकारची माणसं एकत्र खेळतात: वर येऊ पाहणारी पोरं, दुखापतीतून परत येणारे सिनियर आणि पहिल्या टीमच्या उंबरठ्यावर थांबलेले खेळाडू. नवख्याला याचा सगळ्यात मोठा फायदा होतो. पंचवीस वर्षांचा सेंटर बॅक गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन मॅच तुमच्या शेजारी खेळतो, तेव्हा तो कुठे उभा राहतो आणि कधी ओरडतो, हे बघून जे शिकता ते कोचच्या फळ्यावरून शिकता येत नाही.

इंग्लंडमध्ये रिझर्व्ह टीमच्या वेगळ्या लीग कैक वर्षं चालल्या. प्रीमियर लीगची स्वतःची रिझर्व्ह लीग १९९९ ते २०१२ पर्यंत होती, मग तिची जागा २१ वर्षांखालच्यांच्या स्पर्धेने घेतली. स्पेनमध्ये बी टीम नेहमीच्याच लीगमध्ये खेळतात, फक्त मुख्य टीम ज्या श्रेणीत असेल तिथे त्यांना जाता येत नाही. आपल्याकडे आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांच्या रिझर्व्ह टीम २०१७-१८ पासून काही हंगाम आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळल्या. त्यानंतर २०२२ मध्ये रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी गोव्यात फक्त आठ टीम होत्या. पुढच्याच वर्षी पन्नासहून जास्त टीम आल्या आणि लीग विभागवार झाली: आधी आपापल्या भागात मॅच, त्यातून निवडलेल्या टीम पुढच्या फेरीत. मुख्यतः २१ वर्षांखालच्या मुलांची ही स्पर्धा बंगळुरू एफसीने पहिली दोन वर्षं जिंकली, २०२४ ला पंजाब एफसीने आणि २०२५ ला मोहन बागानने.

विभागवार लीगचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. अठरा वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला देशभर फिरवणं कुठल्याही क्लबला परवडत नाही, आणि मुलांच्या अभ्यासालाही नाही. जवळपासच्या टीमशी खेळलं की खर्च निम्म्याहून खाली येतो आणि मॅचची संख्या वाढते.

या वाटेने वर जाता येतं का? शिवशक्ती नारायणन २०२२ मध्ये बंगळुरूकडून ही डेव्हलपमेंट लीग खेळला. त्याच वर्षी तो क्लबच्या ड्युरंड कप जिंकणाऱ्या टीममध्ये होता आणि २०२२-२३ च्या आयएसएलमध्ये सुनील छेत्रीसोबत खेळून त्याने हंगामातल्या उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार घेतला. केरला ब्लास्टर्सचा विबिन मोहननही त्याच २०२२ च्या लीगमधून वर आला. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला आणि त्यानंतर इंडियन ॲरोजमध्ये गेला. ॲरोज ही भारतीय फुटबॉल फेडरेशनची (एआयएफएफ) टीमच मुळी पोरांना मोठ्यांच्या लीगमध्ये मिनिटं मिळावीत म्हणून उभी केली होती. विश्वचषक खेळून आलेल्या मुलालाही आधी मिनिटंच दिली गेली, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

पहिली पायरी: क्लब निवडताना नाव बघू नका, मॅच मोजा

कुठल्याही क्लबात किंवा अकादमीत जाताना तीन प्रश्न विचारा. गेल्या हंगामात माझ्या वयोगटाने किंवा दुसऱ्या टीमने किती मॅच खेळल्या? त्या कुणाशी? आणि कोचकडे कुठलं लायसन्स आहे? एआयएफएफचं ई आणि डी हे सुरुवातीचे टप्पे, त्यापुढे एएफसीचं, म्हणजे आशियाई फेडरेशनचं, सी, बी, ए. डी लायसन्सवाला मन लावून शिकवणारा कोच कागदावर वरच्या पण मैदानावर न दिसणाऱ्या कोचपेक्षा केव्हाही बरा. पण लायसन्सच नाही आणि विचारल्यावर राग येतो, तिथून निघा.

जर्सी छान आहे, इन्स्टाग्रामवर रील येतात, परदेशी क्लबचं नाव बोर्डावर आहे, आणि वर्षभरात मॅच चारच. अशा ठिकाणी मुलगा दोन वर्षांत 'ट्रेनिंगमध्ये भारी' होतो आणि खऱ्या मॅचमध्ये विसाव्या मिनिटाला दिसेनासा होतो. माझ्याकडे अशी मुलं येतात. पाय चांगले असतात, डोकं वर नसतं, कारण मागून कुणी खांदा लावून येतंय याची सवयच झालेली नसते.

आणि 'पैसे भरा, सिलेक्शन पक्कं' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ट्रायलची नाममात्र नोंदणी फी समजू शकतो, निवडीची किंमत नसते. माझ्याच एका मुलाच्या वडिलांनी बाहेरगावच्या एका एजंटला द्राक्षाच्या हंगामातले पैसे दिले. ट्रायल झाली, जर्सी मिळाली, फोटो निघाले आणि त्यानंतर फोन लागला नाही.

दुसरी पायरी: कागद

कंटाळवाणी आहे, पण नाशिकमधल्या मुलांचे सगळ्यात जास्त हंगाम इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खेळाडूची नोंदणी एआयएफएफच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीवर होते. ती क्लब करतो, पण कागद तुमचे असतात. जन्मदाखला, आधार, फोटो, आणि १८ वर्षांखाली असाल तर पालकांची सही. तिन्ही-चारही कागदांवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर एकसारखी हवी. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. माझ्या एका लेफ्ट बॅकचं आधार दुरुस्त होऊन येईपर्यंत पहिली फेरी संपली होती. सहा मॅच तो लाइनबाहेर उभा राहून बॉल आणून देत होता. आता मी मे महिन्यातच सगळ्यांचे कागद जमिनीवर पसरून ताडून बघतो. तुम्हीही तसंच करा, हंगाम तोंडावर यायची वाट बघू नका.

वय लपवू नका. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय बघतात, त्याला टीडब्ल्यू-थ्री चाचणी म्हणतात. पकडलं गेलं तर मुलावर बंदी येते. आणि नाही पकडलं तरी लहानांत मोठा होऊन खेळलेला मुलगा पुढे मोठ्यांत गेल्यावर उघडा पडतो.

एका वेळी एकाच क्लबचा फॉर्म भरा. "इथे पण सही करून ठेव, बघू" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. एकाच वेळी दोन क्लबांत नोंदणी चालत नाही आणि भांडणात मिनिटं खेळाडूचीच जातात. क्लब सोडायचा असेल तर आधी लेखी कळवा, मग ट्रान्स्फर.

छोट्या क्लबांच्या चालकांनीही नोंदणीकडे दुर्लक्ष करू नये. फिफाच्या नियमांनुसार खेळाडूची देशाबाहेर बदली झाली आणि त्यासाठी रक्कम मोजली गेली, तर तिच्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला मूळ रकमेच्या ०.२५ टक्के, १६ पासून पुढे प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. सातपूरच्या किंवा सिडकोच्या मैदानावर ज्याने पोराला पहिल्यांदा बॉल अडवायला शिकवलं, त्याचंही नाव त्या वाटणीत येऊ शकतं. फक्त तेव्हाची नोंद असली पाहिजे.

तिसरी पायरी: आपलं मैदान आणि आपले बूट

नाशिकची मैदानं बहुतेक काळ्या मातीची किंवा मुरमाची. जुलै-ऑगस्टमध्ये चिखल स्टडमध्ये, म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्यांत, भरून बूट अर्ध्या किलोने जड होतो, आणि मार्चमध्ये तीच जमीन पाटा-वरवंट्यासारखी कडक. नवा मुलगा टीव्हीवरच्या खेळाडूसारखे लांब स्टडचे बूट घेतो आणि डिसेंबरपर्यंत टाच धरून बसतो. कडक जमिनीवर ते स्टड रुतत नाहीत, सगळा धक्का टाचेत आणि गुडघ्यात जातो.

एकच जोड परवडत असेल तर टीएफ घ्या, म्हणजे तळाला बारीक रबरी गोट्या असतात ते. मुरमावर आणि टर्फवर दोन्हीकडे चालतात. पावसाळ्यात गवताच्या किंवा चिखलाच्या मैदानावर मॅच असतील तर मग एफजी, म्हणजे गवतासाठीचे स्टडवाले. ओले बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. आत रद्दी पेपर कोंबा, रात्री एकदा बदला, सकाळी कोरडे मिळतील.

शिनगार्ड सक्तीचे आहेत. मोज्यांवर टेप लावणार असाल तर ती मोज्याच्याच रंगाची हवी.

आणि एक गोष्ट घरी आधीच बोलून घ्या. फुटबॉलच्या नियम क्रमांक ४ प्रमाणे अंगावर कुठलाही दागिना चालत नाही, वरून टेप गुंडाळूनही नाही. बाळी, कडं, रबर बँड, सगळं काढावं लागतं आणि मनगटावरचा धागाही रेफरी बहुतेक वेळा काढायला लावतात. एका मॅचला माझ्या विंगरच्या हातात वणीच्या गडावरून आणलेला लाल धागा होता. रेफरीने बाहेर काढलं. धागा आईने बांधलेला, गाठ सुटेना, कापायला त्याचं मन होईना. तो लाइनवर उभा राहून दातांनी गाठ सोडवत होता आणि आम्ही आत दहा जण खेळत होतो. गाठ सुटली, त्याने धागा घडी करून माझ्या हातात दिला आणि मग धावत आत गेला. तेव्हापासून मॅचच्या आदल्या रात्री धागा सोडून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा, असं आम्ही ठरवलंय. आया समजून घेतात.

मॅचच्या दिवशी

सकाळी आठची मॅच असेल तर सहाच्या आत हलकं खा: केळी, नाचणीची पेज, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. मिसळ मॅच झाल्यावर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा दोन फेऱ्या मारून अंग तापत नाही. फिफाचा '११ प्लस' हा वॉर्म-अप शिकून घ्या. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, साहित्य फक्त बॉल. दुखापती कमी करण्यासाठीच तो बनवलाय आणि मुलींनी तर तो चुकवूच नये, कारण गुडघ्याच्या लिगामेंटचा धोका त्यांना जास्त असतो.

रिझर्व्ह आणि युवा सामन्यांत वेळ आणि बदली खेळाडूंचे नियम प्रत्येक स्पर्धेचे वेगळे असतात. कुठे पस्तीस-पस्तीस मिनिटं, कुठे बाहेर गेलेला परत येऊ शकतो, कुठे नाही. मॅचआधी कोचला विचारा. बाहेर काढलं की तोंड पाडून बाटलीला लाथ मारणारा मुलगा मला पुढच्या वेळी उतरवताना दोनदा विचार करायला लावतो. पहिल्या टीमचा कोच कधीतरी लाइनवर येतो, तेव्हा तोही हेच बघत असतो.

पालकांनो, लाइनवरून सूचना देऊ नका. "मार! मार!" ऐकून मुलगा घाईने शॉट मारतो, कोचने मात्र त्याला बॉल थांबवून बघायला सांगितलेलं असतं.

वही ठेवा

माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक मॅचनंतर त्याच रात्री चार ओळी लिहायच्या. माझ्या एका मुलाच्या वहीतली नोंद अशी होती: "लेफ्ट बॅक. ५५ मिनिटं. डाव्या पायाने पुढे दिलेले पास ९, त्यातले ४ गेले. सेकंड हाफला विंगर दोनदा आतून कापून गेला, मी उजवा पाय पुढे ठेवून उभा होतो." शेवटचं वाक्य बघा. त्याची चूक त्यालाच सापडली. पुढचे तीन आठवडे आम्ही फक्त उभं राहायच्या पद्धतीवर काम केलं.

महिन्याच्या शेवटी मिनिटांची बेरीज करा. बेरीज सलग दोन महिने घटत असेल तर कोचशी बोला. "सर, मला का घेत नाही" असं विचारू नका. "सर, जास्त वेळ मिळायला मला काय सुधारावं लागेल" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सबब मिळते, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

जन्म ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात येतात, पण चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत उंचीचा आणि ताकदीचा बराच फरक असतो. जगभर युवा टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त दिसतात ते यामुळेच. असा मुलगा रिझर्व्हमध्ये गेला तर तो कमी पडला असं समजू नका, त्याला वेळ द्या.

दुखणं लपवू नका

अकरा ते पंधरा या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर किंवा टाचेच्या मागे दुखत असेल तर बऱ्याचदा ते वाढीचं दुखणं असतं. हाड भरभर वाढतं, स्नायू मागे राहतात आणि ओढ बसते. तेल चोळून खेळत राहू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि भार कमी करा. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. फायनल असली तरी नाही.

शाळा, दहावी-बारावी

सुब्रतो कपसाठी शाळेची टीम तालुका, जिल्हा, विभाग असं करत वर जाते. १९६० पासून चालू असलेली ही स्पर्धा आजही शाळकरी मुलांची उत्तम वाट आहे. शासनमान्य स्पर्धांत ठरावीक पातळीवर खेळलात तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेतून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो. खासगी लीगचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही, म्हणून दोन्ही वाटा चालू ठेवा. दहावीच्या वर्षी सराव आठवड्याला तीन दिवसांवर आणा, पण मॅच सोडू नका.

बाहेरच्या ट्रायल

मुंबई इथून साधारण १७० किलोमीटर, पुणे २१०. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि मुंबईत साडेदहा-अकराला पोचवते, म्हणजे सकाळच्या ट्रायलला ती उपयोगाची नाही. आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि झोप पूर्ण करा. कसाऱ्याचा घाट उतरून रात्रभर जागून आलेला मुलगा पहिल्याच स्प्रिंटला ओळखू येतो. नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्ससारख्या निवासी अकादमीत जायचं असेल तर त्या लहान वयातच मुलं निवडतात. सोळाव्या वर्षी तिथे धडकण्यापेक्षा ज्या क्लबांच्या २१ वर्षांखालच्या टीम आहेत त्यांच्या ट्रायलवर लक्ष ठेवा. ट्रायलला तुमची जागा एकच सांगा. "कुठेही खेळतो" म्हणणाऱ्याला कुठेही टाकतात.

दुसऱ्या टीमसाठी मॅचच नसतील तर

मग आपणच उभ्या करायच्या. नाशिक जिल्हा फुटबॉल संघटनेशी आधी बोलून घ्या, म्हणजे तारखा आणि रेफरी यांची अडचण येत नाही. चार क्लब पुरतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकूण १२ मॅच, प्रत्येक टीमला ६. सहा क्लब मिळाले तर दोन फेऱ्यांत ३० मॅच, प्रत्येकाला १०. रविवार सकाळ, एकाच मैदानावर लागोपाठ दोन किंवा तीन मॅच, म्हणजे मैदानाचं भाडं, चुना, ॲम्ब्युलन्स आणि रेफरींचा खर्च वाटला जातो. ट्रॉफीवर पैसे घालू नका, पात्र रेफरीवर घाला. आणि एक नियम मात्र लेखी करा: यादीतल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धी मॅच. हा नियम नसेल तर तिसऱ्या रविवारी प्रत्येक क्लब पहिल्या टीमचे सहा-सहा जण उतरवून जिंकायला बघतो आणि दुसरी टीम पुन्हा लाइनबाहेर येते. धुळे-जळगावच्या टीमना हंगामात एकदा बोलवा, एकदा तुम्ही जा. तेच ते बचावपटू बघून पोरं आळसावतात.

वरून बोलावणं आलं की

एखाद्या गुरुवारी कोच सांगतात, रविवारी पहिल्या टीमसोबत ये. जा. स्वतःचे बूट आदल्या रात्री पुसून ठेवा, वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा, सिनियरला दादा म्हणा पण पास मागताना मोठ्याने मागा. पाच मिनिटं मिळाली तर पहिला बॉल साधा द्या, जवळच्याला, पायात. आणि पुढच्या शनिवारी रिझर्व्हची मॅच असेल तर कोचना विचारून तीही खेळा. घरी आल्यावर वहीत दोन रकाने आखा, एक पहिल्या टीमच्या मिनिटांचा, एक दुसऱ्या टीमच्या. बेरीज मात्र दोन्हींची एकत्र लिहा.